भरलेल्या कपाचा आवाज

सिनेमातली माणसं स्वतःच्या पायांनी चालत नाहीत. हे ऐकलं की लोकांना आधी गंमत वाटते, मग जरा फसवल्यासारखं वाटतं. पण खरं आहे ते. चित्रीकरण चालू असताना माइकचं सगळं लक्ष नटाच्या तोंडाकडे, पायांकडे कोण बघतो? म्हणून मागाहून एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत, त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून दुसऱ्याच कोणालातरी चालावं लागतं. कप ठेवावे लागतात, किल्ल्या वाजवाव्या लागतात, कपड्यांची सळसळ करावी लागते. आमच्या शहरातल्या निम्म्याअधिक नट्या तीसेक वर्षं माझ्या ताईच्या पायांनी चालल्या. मी वस्तूंचे आवाज करायचे. धंद्यात ताईला मोठ्या बाई म्हणत आणि मला धाकट्या बाई. मी आता चौसष्ट वर्षांची आहे, तरी धाकटीच.

ताईला जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर मी काम सोडलं. गुडघे बरे आहेत, कान बरे आहेत, पण मन लागेना. घरी बसून शेजाऱ्यांच्या दारांचे आवाज ऐकायचे आणि त्यांची बिजागरी कुठे तेलावाचून अडली आहे ते मनातल्या मनात ठरवायचं, एवढाच उद्योग राहिला होता. अशात गेल्या महिन्यात कानसेनाचा फोन आला.

कानसेन म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक. हे नाव ताईनंच ठेवलेलं. शेजारच्या इमारतीत नळ गळत असला तरी याला त्रास व्हायचा. आता तो पन्नाशीचा आहे, आणि हेडफोन घालून घालून त्याच्या टकलावर आडवी खाच पडली आहे.

"धाकट्या बाई, आपला तो नर्सचा सिनेमा परत लागतोय थिएटरात," तो म्हणाला.

"लागू दे. मला काय त्याचं?"

"तुमच्या वस्तूंच्या टेपला बुरशी आलीय. मधली अकरा मिनिटं गेली. ती परत करायला हवीत."

"मग घे की कोणाकडूनही करून. कप ठेवायला काय अक्कल लागते?"

"घेतली करून. कप ठेवल्यासारखा वाटतो."

"मग अडलं कुठे?"

"तुम्ही ठेवलेला ऐकला की बहीण रागावलीय हे कळतं," कानसेन म्हणाला.

माणूस माझ्याच वयाकडे सरकत चालला आहे, पण लोणी कुठे लावायचं ते बरोबर जाणतो. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हा सिनेमा मी बावीस वर्षांत पुन्हा पाहिलेला नाही.

पण तो कोणता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक नर्स. रात्रपाळी संपवून एका सकाळी ती धाकट्या बहिणीच्या घरी राहायला येते. त्या घरात काहीतरी बिनसलेलं आहे. दारं आपोआप उघडतात, नळ सुटतात, बहिणीची लहान मुलगी कोपऱ्याकडे टक लावून बसते. नर्सची खात्री पटते की घरात काहीतरी वाईट शिरलं आहे, आणि बहिणीला त्यातून सोडवायचंच म्हणून ती कंबर कसते. शेवटच्या दहा मिनिटांत कपाटातल्या एका डब्यात तिला तिचंच मनगटी घड्याळ सापडतं. काच फुटलेली, काटे थांबलेले. ती पहिल्या सकाळीच रस्त्यात अपघातात गेलेली असते. घरात जे शिरलं आहे ते तीच.

लोक सुन्न होऊन बाहेर पडायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तिकीट काढायचे, आपण कुठे फसलो ते शोधायला. दुसऱ्यांदा बघताना सगळं उघडं पडायचं. सिनेमाभर नर्सशी कोणी एक शब्द बोललेलं नसतं. ती विचारते, आणि कोणीतरी दुसऱ्याच कोणालातरी काही सांगतं, आणि आपण ते उत्तर समजतो. तिचं ताट नाही, तिची खुर्ची नाही, दार तिच्या तोंडावर लागतं. डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

आणखी एक गोष्ट होती. ती फार थोड्यांच्या लक्षात आली. नर्सच्या पावलांना आवाज नाही.

दिग्दर्शकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मोठ्या बाई, हिची पावलं ऐकू यायला नकोत. आणि येत नाहीत हेही कोणाला कळायला नको."

"म्हणजे मी घरी बसू?" ताईनं विचारलं होतं.

ती घरी बसली नाही. तीन आठवडे ती नर्सचं एकेक पाऊल मोजत बसली होती. जिथे नर्सचा पाय टेकतो, नेमकं तिथेच दुसरं काहीतरी वाजलं पाहिजे, म्हणजे कानाला वाटतं की पाऊल वाजलं. पंख्याची घरघर, नळाची धार, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न. आणि माझ्या वस्तू. माझी किल्ली, माझी बरणी, माझा कप. एवढी वर्षं ती चालण्यासाठी राबली, आणि तिचं सगळ्यात अवघड काम कोणतं तर हे न चालणं. त्याबद्दल तिला कोणी शाबासकी दिली नाही, कारण काम इतकं चोख झालं होतं की दिसलंच नाही.

ताईचे दोन नियम होते. एक, नजर पडद्यावर. हाताकडे बघितलंस की हात खोटं बोलतो. आणि दुसरा, रिकामा कप कधी वाजवायचा नाही, अर्धा तरी भरायचा. आत काय आहे ते प्रेक्षकाला दिसत नाही, पण ऐकू येतं. भरलेला कप ठेवला की त्याला बूड असतं. रिकाम्याचा आवाज वर उडतो. मी तिला चिडवायचे, की हे फक्त तुला आणि मांजराला ऐकू येतं. पण कप भरायचे.

ठरल्या दिवशी सकाळी अकराला मी माझा चहाचा थर्मास घेऊन गेले. स्टुडिओतला चहा पूर्वीही पिण्याजोगा नव्हता, आणि सुधारला असेल अशी आशा मला नव्हती. खोली तीच. जमिनीत चौकोनी खड्डे, एकात खडी, एकात वाळू, एकात लाकडी फळ्या, एकात गुळगुळीत फरशी. भिंतीला कापूस भरलेल्या गाद्या. एका बाजूला काच आणि काचेमागे कानसेन. कोपऱ्यात बुटांचं कपाट होतं. मी ते उघडलं नाही. त्यात ताईचे बूट असणार हे मला माहीत होतं.

कामाआधी सिनेमा एकदा अख्खा बघायचा, ही आमची रीत. कानसेनानं दिवा घालवला आणि मी एकटी बघत बसले. शेवट माहीत असला की असा सिनेमा भीतीदायक राहत नाही, असं मला वाटलं होतं. उलट झालं. पहिल्यांदा बघताना आपण दाराकडे बघतो, नळाकडे बघतो. आता मला नर्सवरून नजर काढवेना. ती बिचारी बोलत राहते. बहिणीला म्हणते, तू वाळलीस गं. बहीण मुलीला म्हणते, खा लवकर. नर्स हसते, तिला वाटतं आपल्यालाच म्हणाली.

मग स्वयंपाकघराचा प्रसंग आला. मला परत करायची ती अकरा मिनिटं इथूनच सुरू होत होती. धाकटी बहीण टेबलाशी बसली आहे, हातात कप. नर्स दारापर्यंत येते, उंबऱ्याशी थांबते आणि विचारते, "आत येऊ का?" बहीण मान वर करत नाही. कप टेबलावर ठेवते, जरा जोरात. बस, तेवढाच आवाज. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, रुसली आहे पण ये म्हणते आहे. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला कळतं की तिनं ऐकलंच नाही.

दिवे लागले तेव्हा कानसेनानं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. सुरू करू," मी म्हणाले.

मी चपला दाराशी काढल्या, खुर्चीत बसले, दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. कपात अर्ध्यापर्यंत पाणी घेतलं. माइक टेबलाजवळ. पडद्यावर चित्र सुरू झालं. नर्स पडवीतून आली, उंबऱ्याशी थांबली, "आत येऊ का?" आणि मी कप ठेवला. बावीस वर्षांनीही हात चुकला नाही.

"झकास," काचेमागून कानसेन बोलला. "फक्त पाय हलवू नका."

"माझे पाय दांडीवर आहेत."

"मग खुर्ची कुरकुरली असेल. परत घेऊ."

परत घेतलं. नर्स आली, थांबली, विचारलं, कप. मी वाट पाहिली. कानसेन काहीतरी मागे फिरवून पुन्हा ऐकत होता. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यानं मला खूण केली, हेडफोन लावा.

मी लावला. आधी खोलीचा तो रिकामा घुमारा. त्यात, लांबून, फरशीवर एक पाऊल. साधं. मग दुसरं, आणि त्याच्या शेपटीला घासल्याचा बारीकसा आवाज. टप्. टप्-सर्र. टप्. टप्-सर्र. मी पडद्याकडे पाहिलं. चित्र आवाजाबरोबर चालू होतं. नर्सचा डावा पाय टेकत होता तिथे टप्, उजवा टेकत होता तिथे टप्-सर्र. केसाचाही फरक नाही. नर्स थांबली, पावलं थांबली.

असं जुळवून चालणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं आहे.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. कानसेनाला ती पावलं ओळखता आली होती हे मला माहीत होतं, आणि मला ओळखता आली हे त्याला. आणि आम्हा दोघांनाच तेवढं माहीत होतं की हा आवाज बावीस वर्षांपूर्वीचा असूच शकत नाही. हा सिनेमा केला तेव्हा ताई हरणासारखी चालायची. उजवा पाय घासायला लागला तो फार नंतर, ती या स्टुडिओच्या जिन्यावरून घसरली आणि तिचा गुडघा मोडला त्यानंतर.

ते आता सांगायलाच हवं.

गुडघा बसवला, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. ताईला मात्र काम हवं होतं. एक सिनेमा आला. ती काठी भिंतीला टेकवून ठेवायची आणि चालायची. बावीस वर्षांची नायिका जिना उतरते आहे आणि मागे टप्-सर्र, टप्-सर्र. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. तिला सांगणार कोण? घरातलंच माणूस म्हणून मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी गुपचूप इथे आले, नायिकेची सगळी पावलं मी चालले, आणि कानसेनाला ताईची पुसायला लावली. त्यानं दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, तिच्याच भल्यासाठी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ दहा मिनिटं झाकलेली राहिली. पहिल्या दिवशी आम्ही दोघी थिएटरात शेजारीशेजारी बसलो होतो. नायिका पहिला जिना उतरली आणि ताईचा हात खुर्चीच्या हातावरून निघून तिच्या मांडीवर गेला. शेवटपर्यंत ती बसून राहिली. पाट्या वर सरकल्या, त्यात तिचं नाव माझ्या नावाच्या वर होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "नाव तरी कशाला ठेवलंस? तेही पुसायचं होतंस."

त्यानंतर ताईनं अबोला धरला. निदान मी तीन वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले आहे.

"मी पुसून टाकतो," असं कानसेन म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते. त्याच्या हातात ते होतं. पावलं एकीकडे, कप एकीकडे, चिमटीनं केस काढावा तसं त्यानं ते काढलं असतं. नर्सला पाऊल असून चालणारच नव्हतं, अख्खा सिनेमा त्यावर उभा होता.

"काढता येईल का रे हे?" शेवटी मीच विचारलं.

तो काच सोडून आत आला. इतक्या वर्षांत काम चालू असताना तो आत आलेला मी पाहिला नव्हता.

"येईल," तो म्हणाला. "पण मी एकदा पुसलीत, बाई. आता मला सांगू नका. पुसायची तर तुम्ही बसा तिथे, बटण दाखवतो."

"घाबरलास?"

"हो," तो म्हणाला. "तुम्ही नाही?"

मी घाबरले होते. पण भुताला नाही. ताईला घाबरायचं काय, एका पांघरुणात झोपलेल्या आम्ही. मला भीती वाटत होती ती वेगळीच, आणि ती काय आहे हे मला अजून नीट कळत नव्हतं. मी म्हटलं, "आणखी एकदा घेऊ."

तिसऱ्यांदा मी हेडफोन कानावर ठेवूनच बसले. दिवा मंद झाला. पडवी, पंखा, नर्स. आणि आवाज आता नुसता हेडफोनमध्ये नव्हता. माझ्या पाठीमागे, बुटांच्या कपाटाच्या बाजूनं, फरशीच्या चौकोनावर. टप्. टप्-सर्र. मागे बघायचं नाही, नजर पडद्यावर, हे तिनंच शिकवलेलं. मी पडद्याकडे बघत राहिले. पावलं उंबऱ्याशी थांबली. पडद्यावरची नर्स म्हणाली, "आत येऊ का?"

मी कप ठेवला नाही. हात हवेतच राहिला, कारण तेव्हा मला आठवलं की हे मी आधी ऐकलं आहे. सिनेमात नाही. माझ्या घरात.

अबोला ताईनं धरला नव्हता. मी धरला होता. चूक माझी होती, म्हणून राग मला आला होता. चोराच्या उलट्या बोंबा. ती सकाळी म्हणायची, पाणी आलं का गं? मी उत्तर द्यायचे नाही, नळ सोडून दाखवायचे. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे ना लेक ना सून, मी पातेल्याशी बोलायचे. "चहा झालाय, कोणाला हवा असेल तर." ती तिच्या खोलीतून काठी टेकत यायची, बिनसाखरेचा गार झालेला चहा घ्यायची आणि परत जायची. आठ महिने मी तिला ओलांडून चालले, तिच्यासमोर दारं लावली, एकटीचं ताट वाढून घेतलं. आठ महिने माझी बहीण माझ्याच घरात हिंडत होती आणि मी ऐकू येत नसल्यासारखी बसले होते.

आणि एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. मी टेबलाशी कप घेऊन बसले होते. ती म्हणाली, "आत येऊ का?"

घरचं माणूस असं विचारत नाही. तीस वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, टोमणा मारते आहे. मी मान वर केली नाही. कप टेबलावर ठेवला, जरा जोरात. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग टप्-सर्र, टप्-सर्र करत परत गेली. चौथ्या दिवशी पहाटे झोपेतच गेली.

तिनं तिच्या त्या सिनेमातलं वाक्य म्हटलं होतं. जिथे ती न चालून चालली होती, त्या प्रसंगातलं. मी तुझ्या घरात कोण झाले आहे बघ, असं ती मला आमच्या धंद्याच्या भाषेत सांगत होती, आणि कप कधी वाजतो हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? माणूस मेल्यावर भूत होतं म्हणतात. माझ्या ताईला मी आठ महिने आधीच करून टाकलं होतं.

चित्र संपलं होतं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. आवाज न करता रडायची आम्हाला सवय असते, माइक चालू असतो.

"कानसेना," मी जरा वेळानं म्हणाले, "आणखी एक कप दे."

"पडद्यावर एकच कप आहे, बाई."

"माहीत आहे. दे."

त्यानं कप आणून दिला. मी तो घेतला, टेबलाच्या पलीकडे, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायला. पाणी ओतणार होते, पण ताईला पाणी काय देणार? थर्मास उघडला. मीही आता बिनसाखरेचाच घेते, डॉक्टरच्या कृपेनं. अर्धा कप भरला आणि हातात धरून ठेवला. एका हातात माझा कप, दुसऱ्यात तिचा.

"सोड," मी म्हणाले.

चित्र सुरू झालं. पंखा. पडवी. टप्. टप्-सर्र. यावेळी मला वाटलं, ती दमली आहे. इतक्या लांबून, त्या पायानं. पावलं माझ्या मागून आली, डाव्या बाजूनं गेली आणि थांबली. जिथे थांबली तिथे पडद्यावरही उंबरा होता.

"आत येऊ का?"

मी माझा कप ठेवला. आणि लगेच दुसरा, पलीकडे, हळू, कपाचा कान तिच्याकडे करून.

"ये," मी म्हणाले. "विचारतेस काय. घर तुझंच आहे. चुकलं माझं, ताई."

पडद्यावर नर्स उंबरा ओलांडून आत आली. माझ्या डाव्या हाताला, जिथे कोणी नव्हतं, टप्, टप्-सर्र, आणि मग समोरची खुर्ची मागे सरकली. मी पाहिलं नाही. मला फार पाहावंसं वाटत होतं, सगळा जीव त्या खुर्चीकडे ओढत होता, पण नजर पडद्यावर, हाताकडे बघितलंस की हात खोटं बोलतो. अकरा मिनिटं मी पडद्याकडे बघत बसले आणि माझ्या सगळ्या वस्तू केल्या, किल्ल्या, बरणी, कपाटाची कडी. एकही चुकली नाही. समोर कोणीतरी श्वास घेत बसलं आहे असं मला पूर्ण वेळ वाटत होतं. शाळेत असताना मी अभ्यास करायचे आणि ताई समोर बसून राहायची, मला झोप लागू नये म्हणून. तसंच.

चित्र थांबलं. मी उठून थेट काचेमागे गेले.

"पावलं?" मी विचारलं.

कानसेन दोनदा ऐकून म्हणाला, "या वेळी नाहीत. एकही नाही. स्वच्छ आहे." मग जरा थांबून, "तुमचं 'ये' आलंय. तुमचं पुढचंही."

"ते काढ. ते सिनेमासाठी नव्हतं."

"आणि दुसरा कप?"

"तो राहू दे."

"दिग्दर्शक विचारतील."

"त्यांना सांग, पाऊल नाही ना वाजलं? मग झालं. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. दुसऱ्यांदा येईल त्याला ऐकू येईल, की कोणीतरी तिच्यासाठी कप ठेवला होता."

तो मान हलवून ऐकत राहिला. मग त्यानं बोटानं आवाजाची पट्टी थोडी पुढे नेली. "आणि इथे, किल्ल्यांच्या जरा आधी, परत कप वाजलाय. तिसऱ्यांदा. तो ठेवू की काढू?"

"तिसऱ्यांदा मी कुठे ठेवला?"

त्यानं हेडफोन माझ्या कानावर दिला. माझा कप. त्याच्यामागे दुसरा, भरलेला, बूड असलेला. खुर्ची. मग बराच वेळ फक्त पंखा. आणि मग कप टेबलावर ठेवल्याचा आवाज, अगदी सावकाश, आणि तो वर उडाला. कानसेनाला त्यातलं काही कळलं नाही. ते फक्त ताईला कळायचं, आणि मांजराला, आणि आता मला.

मी काचेतून आत पाहिलं. टेबलावर दोन्ही कप जागच्या जागी होते. मी आत गेले. माझ्या कपात पाणी अर्ध्यापर्यंत तसंच होतं. पलीकडचा रिकामा होता, तळाशी चहाचा एक थेंब.

"काढू का ठेवू?" कानसेन विचारत होता.

"ठेव," मी म्हणाले, आणि थर्मासात उरलेला चहा त्याच्यासाठी ओतला.